हळदीकुंकवाचा डाग असलेली रायफल विकणे आहे

आमच्या घरी दुधाच्या पिशवीआधी पत्रकं यायची. आई-बाबा दोघंही चळवळीतले, त्यामुळे मला पाढे येण्याआधी पत्रकाला तीन घड्या घालता येत होत्या. शस्त्रांविरुद्धची तर मी कितीतरी वाटली असतील. मग शिकायला सिडनीत आले आणि क्वेकर्स हिलला एका मराठी जोडप्याकडे खोली घेतली. त्यांच्या गराजमधल्या, भिंतीला बोल्टने जखडलेल्या लोखंडी कपाटात शिकारीची रायफल आहे हे कळलं, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावरच भाषण ठोकलं.

काका पुण्याचे, सिव्हिल इंजिनिअर. साइटवरच्या एका मित्राच्या नादाने ते शिकारीला लागले होते. दोघं मिळून लांब पश्चिमेला एका शेतावर जात आणि पिकात घुसणारी रानडुकरं मारत. माझं भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान बोलतेस. आता आमटी वाढ."

मग मोठा लॉकडाऊन आला. काकांचं प्रोजेक्ट थांबलं, पाठोपाठ नोकरी गेली. आमच्या भागाला बाकी शहरापेक्षा कडक नियम होते. आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं आणि टीव्हीवर समुद्राकाठचे लोक वाळूत ऊन खाताना दिसायचे. माझा संताप व्हायचा, मी त्यावर तावातावाने बोलायचे. काका पूर्वी माझ्याशी वाद घालत, आता नुसतं "हं" म्हणत. त्यांची दाढी वाढली. दुपारभर ते गराजमध्ये खुर्ची टाकून बसू लागले.

काकू वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. ब्रेकमध्ये त्या हॉस्पिटलच्या कारपार्कमधून मला फोन करायच्या.

"काय करतायत हे?"

"गराजमध्ये बसलेत."

"दार उघडं आहे ना?"

"उघडं आहे, काकू."

तरी त्या लगेच फोन ठेवायच्या नाहीत.

एका सकाळी युनिफॉर्म घालून, हातात गाडीची किल्ली घेऊन त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "तू लिहितेस ना? मग एक जाहिरात लिही. ती रायफल विकायचीय. मी शिफ्टला, तू इथे वर ऑनलाइन लेक्चरला, आणि खाली हे आणि ती. मला गाडी चालवताना दुसरं काही दिसत नाही गं."

"कपाटाची चावी तुम्ही ठेवून घ्या ना."

"लायसन्स यांचं आहे, माझं नाही. चावी मला देणं हाच गुन्हा. मी मागितली तेव्हा यांनी मला नियम वाचून दाखवला." त्या हसल्या आणि लगेच डोळे पुसले.

काकांना त्यांनी एवढंच सांगितलं की वापरात नाही, तर कशाला ठेवायची. काका "हो" म्हणाले. इतक्या चटकन, की मला हायसं वाटलं.

माझा पहिला मसुदा वाचून काका कितीतरी दिवसांनी हसले. "'हे हत्यार केवळ जबाबदार हातीच जावे, असे आमचे ठाम मत आहे!' अगं, ही जाहिरात आहे की निवेदन? खाली निषेधाच्या सह्या घ्यायच्या का?"

फोटो काढायला त्यांनी रायफल बाहेर आणली. आधी ती उघडून मला दाखवली, रिकामी आहे म्हणून. मग नळी भिंतीकडे करून टेबलावर ठेवली. लाकडी दस्त्यावर एक नारिंगी डाग होता, बोटाएवढा.

"गंज?"

"लाकडाला कुठला गंज? खंडेनवमीचा आहे. दरवर्षी लेव्हल, टेप, काकूचा स्टेथोस्कोप आणि ही, सगळं एका पाटावर मांडतो. पहिल्या वर्षी उत्साहात हळदकुंकू चांगलं ओलं करून लावलं. लाकूड प्यायलं ते सगळं. पुसायला गेलो तर आणखी पसरलं."

फोटोसकट जाहिरात लागली, पण त्या डागामुळेच सगळं अडलं. एकाने विचारलं, रायफल पाण्यात पडली होती का? दुसरा म्हणाला, नो वरीज मेट, घासून काढीन. काकांनी दोघांनाही नाही म्हटलं. तिसरी एक शेतकरीण होती. तिच्या कोकरांना कोल्हे उचलून नेत होते. तिने लिहिलं, "डाग असू दे. माझ्या रायफलीवर मेंढ्यांना खुणा करायचा निळा रंग सांडलाय." तिला नाही म्हणायला कारण सापडेना, तेव्हा काकांनी उत्तरच दिलं नाही.

रात्री जेवताना काकूंनी विचारलं, "त्या शेतकरणीचं काय झालं?"

"बघू. बंदुकांची दुकानं बंद आहेत. डीलरमार्फतच द्यावी लागते, तिला परमिट यायला वेळ लागेल. घाई काय आहे?"

काकूंनी हातातली पोळी खाली ठेवली. "घाई मला आहे. अहो, मी रोज तिथे माणसं वाचवायला धावते आणि माझं लक्ष या गराजमध्ये असतं. तुम्ही तसं काही कराल असं मी म्हणत नाही. पण मला भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात."

काकांनी ताट जरा मागे सारलं. माझ्याकडे जगातल्या प्रत्येक बंदुकीविरुद्ध मुद्दे होते. त्यातला एकही त्या टेबलावर उपयोगाचा नव्हता. काका म्हणाले, "मलाही वाटते भीती, कधीकधी." काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

सकाळी काकांनी दाढी केली आणि शेतकरणीला होकार कळवला. मग जवळच्याच डीलरला फोन लावला. त्यांनी विचारलेला प्रश्न मला जिन्यावर ऐकू आला: "तिचं परमिट येईपर्यंत रायफल तुमच्याकडे ठेवाल का? मला ती घरात नकोय."

वेळ ठरवून गेलं तर डीलर ती दुकानाच्या दारातच ताब्यात घेणार होता. काका एकटेच जाऊन आले. परतल्यावर त्यांनी कपाट सताड उघडं ठेवलं, डॉक्टरांची व्हिडिओवरची अपॉइंटमेंट घेतली आणि मला म्हणाले, "काय, शस्त्रमुक्त घर! काढ पत्रक."

"काढते. तुम्ही घड्या घाला."

काकूंना त्यांनी मेसेज केला: दिली. उत्तरादाखल नुसता हात जोडलेला एक इमोजी आला.

दुपारी ब्रेकची वेळ झाली, आणि टळूनही गेली. माझा फोन वाजलाच नाही. काका किचनमध्ये चहा टाकत होते. त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"आज हिचा फोन नाही आला?"

"नाही."

त्यांनी गॅस बारीक केला, स्वतःचा फोन काढला आणि कानाला लावला.

"काय गं," ते म्हणाले, "काय करतेयस?"