डिंगोऱ्याच्या विहिरीतला काळा दगड

विहिरीच्या तळात माझा उजव्या पायाचा अंगठा चेंगरला तेव्हा पहिली शिवी मी दगडाला दिली, दुसरी यारीवाल्या किसनला. यारी म्हणजे विहिरीतला मुरूम बादलीने वर ओढायची क्रेन. बादली झोकांडी खाऊन आली आणि माझा पाय ती बादली व तळातला काळा दगड यांच्या मधे सापडला. चूक बादलीची. पण बादलीवर माझं पोट, म्हणून राग दगडावर धरला.

गाव डिंगोरे. साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असेल. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण मी खोदलेल्या विहिरी मोजायला दुसरीचं गणित पुरत नाही.

डॉक्टरने अंगठा काढला. आठव्या दिवशी मी काठी टेकत विहिरीवर हजर. तोवर बाजूच्या कपारीतून झरा लागला होता, सकाळी तळात कंबरभर पाणी साठायचं. मालक सोपानराव खूश. त्या पाण्याच्या भरवशावर तीन एकर टोमॅटो लावूनही मोकळे.

"नाना, बास आता. यारी उतरवा."

"दगड ऱ्हायलाय."

"तो कुणाला आडवा येतोय?"

"मला."

"आवो, आंगठा तुमचा गेला. माझ्या इहिरीनं काय घोडं मारलंय?"

"फुकट फोडून देतो."

फुकट म्हटल्यावर सोपानरावांनी मान डोलावली. इथे त्यांचंही चुकलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

किसन मात्र बोललाच. "नाना, पाणी त्या दगडावर उभंय. तळ फोडू नगा."

"तू मला इहीर शिकवतो व्हय रं?"

"इहीर न्हाई. आक्कल."

दगड फुटेस्तोवर दाढी करणार नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. कॉम्प्रेसर मागवला. ट्रॅक्टरला जोडलेलं हे हवेचं मशीन. तळातलं पाणी उपसून त्याने दगडात भोकं पाडायची, सुरुंग ठासायचा, बत्ती द्यायची आणि पळायचं. मी लंगडत पळायचो. पहिल्या बाराला टवका उडाला. दुसऱ्याला दगडाला नुसता खोकला आला. शिनोली गावातलं विहिरीचं ठरलेलं काम वाट बघून दुसऱ्याकडे गेलं. जाऊ दिलं.

तिसऱ्या बाराला फुटला. तुकडे वर काढले. त्यातला एक मोठा घराच्या पायरीला ठेवला, रोज त्यावर पाय द्यायला. मग दाढी केली.

सकाळी सोपानराव विहिरीच्या काठावर उभे. "या नाना, बघा."

तळ कोरडा. दगडाखाली तांबडा, मऊ थर होता. झरा रात्रभर वाहिला आणि सगळं पाणी त्या भगदाडातून खाली गेलं.

"फुटला ना तुमचा दगड?"

"फुटला."

"मंग टोमॅटोला आता तोच पाजू का?"

मी सिमेंट आणायला निघालो.

पुढचे चार दिवस मी त्याच दगडाचे तुकडे सिमेंटात बसवून भगदाड बुजवत होतो. किसन वरून बादली सोडताना दर खेपेला ओरडायचा, "नाना, पावणं आलं! पाय संभाळा!" शेवटची फट काही केल्या बुजेना. पायरीला ठेवलेला तुकडा आणला, तो बरोबर बसला.

कंबरभर पाणी होतं ते गुडघाभर परत आलं. निम्मे टोमॅटो वाचले, निम्मे सोपानरावांनी माझ्यादेखत उपटले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

तेव्हापासून पाणी लागलं की मी त्याच दिवशी यारी उतरवतो, तळात काय राहिलं ते बघत नाही. सोपानराव अजूनही भेटले की आधी माझ्या पायाकडे बघतात, मग रामराम करतात. पण दगड फुटला होता. तेवढं कुणी नाकारू नये.