नऊशे पन्नास किलोचा राक्षस

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरीकडे वळलं की डाव्या हाताला एक वजनकाटा होता. त्या काट्यावर राजाराम तांबे सतरा वर्षं बसला. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढताना त्याच्या स्प्रिंगच्या पाट्या कशा कुरकुरतात आणि मागच्या टायरांचं पोट किती सुटलंय, एवढ्यावरून तो वजन सांगायचा आणि मगच मशीनकडे बघायचा. शंभर किलोच्या वर त्याची चूक कोणी पाहिली नव्हती. गोव्याकडचे ड्रायव्हर मुद्दाम चहाची पैज लावत, आणि राजाराम वर्षानुवर्षं फुकटचा चहा पीत आला होता.

या गुणाचं आपल्याला काही कौतुक नाही, असं तो म्हणायचा. खरं तर फार होतं. पण त्यातलं सगळ्यात गोड कौतुक घरी मिळायचं. संध्याकाळी तो पाय धुवायला गेला की सहावीतली लेक स्नेहल तांब्या घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "बाबा, आज सगळ्यात जड काय आलं?" मग तो सावकाश पाय चोळत सांगायचा. कधी बोटीचं इंजिन, कधी लाकडाचे ओंडके, कधी रोडरोलर लादलेला ट्रक. ती डोळे मोठे करून ऐकायची. दिवसभर खाल्लेली धूळ त्या डोळ्यांत विरघळून जायची.

दोन हजार चार साली बुद्धपौर्णिमेला धाकटा भाऊ राजेंद्र मुंबईहून आला. गोदीतल्या ऑफिसात तो शिपाई होता. साहेबाच्या मुलाने टाकून दिलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम त्याने पुतणीसाठी आणला. गवतातून हिंडायचं, राक्षस पकडायचे आणि साठवायचे, असा तो खेळ. पकडलेल्या प्रत्येक राक्षसाची उंची आणि वजन त्यात लिहिलेलं असायचं.

त्या संध्याकाळी राजाराम पाय धुवायला गेला, तर तांब्या दगडावर एकटाच होता. पडवीतून स्नेहलचा आवाज आला, "काका, यातला सगळ्यात जड कोण?"

राजारामच्या हातातलं पाणी पायावर पडायचं राहिलं. प्रश्न त्याचा होता. सात वर्षं तो फक्त त्याला विचारला जात होता.

"हा बघ," राजेंद्र म्हणाला, "दगडी अंगाचा. नऊशे पन्नास किलो! याच्या वर कोणी नाय."

"बाप रे!" स्नेहल म्हणाली, आणि तिने ते वहीत उतरवून घेतलं.

राजाराम ओल्या पायांनीच पडवीत आला. "नऊशे पन्नास? म्हणजे जांभ्याचे तीस चिरे. तुझा राक्षस शेजारच्या सदूच्या बैलगाडीत मावंल गो."

"बाबा, तो साडेतीन मीटर उंच आहे."

"मग आतनं पोकळ असंल."

राजेंद्र हसला. "दादा, आणि हा देवमासा बघ. साडेचौदा मीटर लांब, वजन चारशेला दोन कमी."

"साडेचौदा मीटर आणि चारशे किलो? असला मासा पाण्यात कसला राहतोय, वाऱ्यानं उडून मांडवीच्या पुळणीवर पडंल. कोणत्या गाढवानं वजन केलंय हे?"

स्नेहलने वही मिटली. "तुम्हाला या राक्षसांचं काय माहीत?" ती म्हणाली आणि काकाच्या बाजूला सरकून बसली. हातभरच सरकली ती, पण राजारामला ते अंतर मोजता आलं.

जेवताना त्याने भाताला हात लावला नाही. बायको सुंदराबाई म्हणाली, "सख्ख्या भावाचा हेवा करताव? तो चार दिवसांनी जाईल परत."

"हेवा कसला? वजनाचं खोटं मला खपत नाय."

"तर तर! वजनाचंच असंल," असं म्हणून तिने त्याच्या भातावर आमटी ओतली.

तीन दिवस तेच चाललं. राजाराम गाड्या मोजत होता, पण कान घरी होते. घरी आलं की काका-पुतणी डोक्याला डोकं लावून बसलेली. चौथ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चला दोघं काट्यावर. खरं वजन काय असतं ते दाखवतो."

दोघं आली. थोड्या वेळाने लवू ड्रायव्हरचा चिऱ्यांचा ट्रक प्लॅटफॉर्मवर चढला. राजाराम काट्याच्या खोलीच्या दारात उभा राहून भावाला म्हणाला, "बोल राजा, किती?"

"मला काय कळतंय दादा? पंधरा टन असंल."

"चौदा टन शंभर," राजाराम म्हणाला. बोलताना तो ट्रककडे बघत नव्हता, स्नेहलकडे बघत होता. पाट्यांचा आवाजही त्याने ऐकला नाही.

आत जाऊन त्याने मशीन पाहिलं. चौदा हजार सातशे साठ. त्याने डोळे चोळले. आकडा तसाच. बाहेर स्नेहल ओरडत होती, "किती, बाबा? किती?"

मशीन फक्त त्याला दिसत होतं.

"चौदा टन शंभर," तो म्हणाला.

"बाबा जिंकले!" स्नेहल उड्या मारत त्याच्या कमरेला येऊन बिलगली. राजेंद्रनेही कौतुकाने मान हलवली. "मानलं दादा तुला."

एवढ्यासाठीच त्याने सगळं केलं होतं, आणि आता ते नकोसं झालं. मशीनमधून पावती बाहेर आली होती. लवू बाहेरून खोलीच्या खिडकीत हात घालून उभा होता. सतरा वर्षांत मशीन पाहिल्यावर राजारामच्या तोंडातून त्यापेक्षा वेगळा आकडा गेला नव्हता. पावती लवूच्या हातात गेली की तो मोठ्याने वाचणार. पण त्याने ती वाचली नसती, तरी राजारामला ते सोसवलं नसतं.

त्याने स्नेहलला दंडाला धरून मशीनसमोर उभं केलं. "वाच."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग सावकाश म्हणाली, "काका जवळ होता. तुम्ही खोटं सांगितलंत."

"होय."

"का?"

लवूने पावती ओढून घेतली तरी राजारामचं लक्ष गेलं नाही. "तू मला काय विचारीनाशी झालीस म्हणून," तो म्हणाला.

स्नेहलने मान खाली घातली. राजेंद्र ओशाळून म्हणाला, "दादा, पंधरा टन मी तर नुसतं ठोकून दिलेलं रे."

"म्हणूनच जास्त लागलं."

स्नेहल बाहेर गेली, ट्रकभोवती फिरली. "पण बाबा, तुम्ही कधीच चुकत नाही. हा एवढा जड कसा भरला?"

राजाराम तिच्यामागे गेला. वरचे चिरे उन्हाने सुकून फिके पडले होते. त्याने ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फटीत बोट घातलं, ते लाल ओलं होऊन बाहेर आलं. "खालचे थर खाणीच्या तळातले. पाण्यात होते. मी वरचेच बघितले." मग लवूला म्हणाला, "एक चिरा खाली दे रे. पोरीला उचलून बघू दे."

लवूने चिरा जमिनीवर ठेवला. स्नेहलने दोन्ही हातांनी जोर लावला. चिरा हलला नाही. तिने ओढणी कमरेला बांधली, पुन्हा वाकली. तिला मदत करायला राजेंद्र पुढे झाला.

"तू हो बाजूला!" राजाराम खेकसला, आणि स्वतः खाली बसून त्याने चिऱ्याच्या दुसऱ्या बाजूला हात घातले.