मुंबई ते सिंगापूर, फक्त जाणं

प्राजू, चहा ठेव बाजूला आणि आत्ता ऑफिसात काय झालं ते ऐक. नाही, थांब. मागचं सांगितल्याशिवाय मजा नाही यायची. पालघरच्या आमच्या एवढ्याशा ट्रॅव्हल ऑफिसात किस्से इतके साठतात ना, की ते सांगायला मला वेगळी सुट्टी टाकावी लागेल. आणि या महिन्यातले सगळे एकाच बोर्डामुळे! नितीनदादानं, म्हणजे आमच्या बॉसनं, दारावर लावला: 'क्रूझ. मुंबई ते सिंगापूर. वन-वे.'

*

पहिले आले साठेकाका. तारापूरच्या प्लँटमधून रिटायर झालेले, हातात वही.

"परत कधी येतं?"

"जहाज नाही येत काका. तुम्ही विमानानं येता."

"का? जहाजाला काय झालं?"

मग मी सगळं सांगितलं. हिवाळाभर ते मुंबईहून फेऱ्या मारतं. पावसाळ्यात इथे धंदा नाही, म्हणून सीझन संपला की मुक्काम सिंगापूरला हलवतं. जायचंच आहे तर रिकामं कशाला, म्हणून त्या एका फेरीची तिकिटं विकतात. वाटेत बंदरं कमी, नुसते समुद्रातले दिवस जास्त, म्हणून स्वस्त.

काकांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. "एवढे दिवस बंदर नाही. मग बघायचं काय?"

"समुद्र."

वही बंद. "तो चिंचणीला फुकट आहे."

*

मग बोईसरच्या कंपनीतले दोघं. आले होते गोव्याच्या बसचं विचारायला. एकानं बोर्ड वाचून विचारलं, "वन-वे क्यों?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, "अरे, ट्रक का नहीं देखा? गाड़ी को उधर जाना ही है, खाली क्यों जाए? भाड़ा उठा लिया."

मी दहा-दहा मिनिटं घालवत होते, यानं एका दमात संपवलं! नितीनदादा इतका खूश की पुढच्या गिऱ्हाईकाला त्यानं ट्रकच ऐकवला. नेमकं ते नवीन लग्न झालेलं जोडपं.

नवरी म्हणाली, "म्हणजे आम्ही माल?"

केरळला गेले.

*

मग आले दातिवऱ्याचे तांडेलकाका. स्वतःची मासेमारीची बोट, आयुष्य सुकाणूवर गेलं, आता बोट मुलगा चालवतो. बरोबर मावशी, त्यांची बायको. ती पालघरच्या बाजारात मासळी विकते. मुलगी कुवेतला, तिनंच आईबाबांना ही ट्रिप द्यायची ठरवलेली.

मी पाठ केलेलं सुरू केलं, तर काकांनी हात वर केला. "पावसाळ्यात आमी बोट वर ओढतो. ती एवढी मोठी वर ओढता येत नाय, म्हून दुसऱ्या बंदरात नेतात. एवढंच ना?"

एवढंच.

"कप्तान कोण हाय?"

"माहीत नाही, काका."

"मग मी नाय बसणार. सुकाणू दुसऱ्याच्या हातात, आन् मी आत बसून पुडिंग खाऊ?"

त्यांच्या घरात बाया बोटीवर जात नाहीत. चाळीस वर्षं नवरा समुद्रात आणि मावशी किनाऱ्यावर.

"मी जानार," ती म्हणाली.

"एकटी?"

"तुमी जायचात तेव्हा मी संगं असायची?"

काका उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी माझ्याकडे सरकली. "ह्यांचं विमानाचं काढ. माझ्या आधी पोचले पायजेत. धक्क्यावर उभं राहू दे, जहाज दिसेपर्यंत."

"मावशी, हॉटेलात थांबतील की."

"नाय. धक्क्यावर."

एकटीसाठी केबिन नव्हती, म्हणून दोन बेडची घेतली, आणि काकांचं विमानाचं तिकीटही काढलं.

*

आणि आज. प्रवाशांची नावं कळवायची मुदत सहापर्यंत. साडेपाचला काका आले, एकटेच.

"तिच्या केबिनमधे दुसरा बेड हाय ना? तिथं माझं नाव टाक. विमान कॅन्सल."

"मावशींना सांगू?"

"नको. जहाज सुटल्यावर कळंल."

"आणि कप्तान?"

काका टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "पयल्यांदा जाते ती. किनारा दिसंनासा झाला की मानूस घाबरतो."

ते जिना उतरले आणि माझा फोन वाजला. मावशी! मागे बाजाराचा गलका.

"ह्यांचं विमान पक्कं हाय ना? हिरवं लुगडं घेतलंय मी. धक्क्यावरनं लांबनं वळखू यायला पायजे. लवकर सांग, गिऱ्हाईक उभं हाय."

नितीनदादाकडे बघितलं, तर तो म्हणाला, "तुझं गिऱ्हाईक, तू ठरव." स्क्रीनवर फॉर्म उघडा, दुसऱ्या बेडचा रकाना रिकामा, सहाला सात मिनिटं कमी, आणि मावशी फोनवर.

प्राजू, तू असतीस तर काय केलं असतंस?