तब्येत सुधारल्याचा अर्ज

अल्लीपूरच्या गुरुजींनी मला अर्ज लिहायला शिकवलं. त्यांच्यामुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो.

ऐंशी सालाच्या सुमारास हिंगणघाटच्या कामगार विमा दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी मिलमधले एक वयस्क, जाडे कामगार बसले होते. गुडघे चोळत ते डॉक्टरांशी काय बोलायचं हे घोकत होते. वजन उतरवायच्या गोळ्या विम्यातून हव्या होत्या, आणि महिनाभरात ते निवृत्त झाले की विमा संपणार होता.

"बाबू, तू शिकेल दिसतं. मले अर्ज लिहून देजो."

'जाड' लिहिणं असभ्य वाटून मी लिहिलं, 'माझी तब्येत अलीकडे फारच सुधारली आहे. तरी औषध मिळावे.'

खिडकीतल्या कारकुनाने ते मोठ्याने वाचलं. "तब्येत सुधारली, मंग औषध काऊन पाह्यजे, काका? विमा बिमारासाठी असते."

काकांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "अक्षर लय सुंदर आहे, बाबू," एवढंच म्हणून ते कठडा धरत पायऱ्या उतरले.

संध्याकाळी मी पोस्टकार्ड लिहिलं:

'ती. गुरुजींना सा. नमस्कार. दवाखान्यात एका काकांसाठी लिहिलेला माझा अर्ज आज नामंजूर झाला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. उद्या मिलच्या फाटकाशी उभा राहून त्या काकांना गाठतो आणि 'मी फार जाड झालो आहे, उभं राहवत नाही' असं लिहून देतो. आपण रागावू नये.'