देवापाशी ठेवलेलं दुसरं रिमोट

त्या बंद गाडीतल्या चोरीची फिर्याद मला आजही स्वच्छ आठवते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि परभणी तालुक्यातलं एक ग्रामीण ठाणं माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच झरीकडचा एक तरुण शेतकरी वडिलांना घेऊन आला. त्याच दिवशी त्याचा साखरपुडा होता. नवरीसाठी केलेले दागिने आणि साडी एका पिशवीत घालून घरच्यांनी आदल्या संध्याकाळीच गाडीत ठेवली होती. सकाळी बघतात तर पिशवी गायब. काच शाबूत, दार शाबूत, कुठे ओरखडासुद्धा नाही.

गाडी साधीच होती, पण घेतल्यावर मुलाने हौसेने तिला बिनचावीचं कुलूप बसवून घेतलं होतं, सोबत दोन रिमोट मिळाले होते. रिमोट खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडतं, लांब गेलं की आपोआप लागतं आणि बाजूचे आरसे मिटतात. परभणीत गाड्यांचं सामान बसवायचं दुकान असलेल्या एका तरुणाने ते बसवलं होतं, आणि तो नवरीचा सख्खा भाऊ होता.

कोणावर संशय आहे का, हा आमचा ठरलेला प्रश्न. मुलगा लगेच म्हणाला, "ज्यानं कुलूप बसवलं त्याच्याकडं तिसरं रिमोट असणारच की, साहेब." फिर्यादीत नाव आलं, खाली सही झाली. साखरपुडा जागच्या जागी थांबला.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. नवरीचा भाऊ त्या सकाळीच सराफ्यात दिसला होता. आमचे जमादार खूश झाले, त्यांच्या लेखी तपास संपलाच होता. मी त्या तरुणाला बोलावून घेतलं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा आलेला माणूस एकतर फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. हा नेमकं विचारलं तेवढंच बोलत होता. सराफ्यात कशाला गेला होतास म्हटल्यावर त्याने खाली मान घालून सांगितलं, नवरदेवाची अंगठी करायला टाकली होती, ती आणायला. सराफाने ते खरं असल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, "साहेब, कुलूप मी बसवलं हे समद्या गावाला ठावं हाय. मला चोरीच करायची असती तर काच फोडली असती. मग माझं नाव तरी आलं नसतं."

जमादारांना हा आगाऊपणा वाटला. मला ते पटलं. त्याला घरी पाठवलं, पण तोवर त्याच्या दुकानासमोर बघ्यांची गर्दी झाली होती. सोयरीक तर जवळजवळ मोडल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन झरीकडे गेलो. घराला लागून पत्र्याचं शेड, त्यात गाडी. मुलगा माझ्यासोबत पार आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या झोपडीपर्यंत, चालत आला, रिमोट त्याच्याच खिशात. मागे वळून पाहिलं तर गाडीचे आरसे उघडेच. आदल्या दिवशी ठाण्याच्या आवारात हाच मुलगा गाडीपासून दहा पावलं गेला तसे ते मिटलेले मी स्वतः पाहिले होते. त्याला तिथेच उभा करून मी परत गेलो आणि दार ओढलं. दार उघडलं.

दुसरं रिमोट कुठे आहे, असं मी त्याच्या आईला विचारलं. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"देवापाशी हाय की. नव्या वस्तूची एक चावी आमी देवापाशीच ठेवतो. पोखर्णीला नरसिंहापुढं गाडीची पूजा केली अन् आल्यावर तिथंच ठेवलं."

देवघराच्या भिंतीपलीकडे शेड. एक वीट जाडीची भिंत. साधी चावी असती तर बिचारी हळदीकुंकू लावून गप पडून राहिली असती. हे रिमोट मात्र रात्रंदिवस गाडीला सांगत होतं, मालक इथेच आहे. घरचे गाडीपाशी जात ते रिमोट घेऊनच, त्यामुळे दार आधीपासून उघडं असतं हे कोणाला कळलंच नाही. शिपायाला ते रिमोट देऊन विहिरीकडे पाठवलं आणि आरसे मिटले.

आता तिसरं रिमोट कोणाकडे, हा प्रश्नच उरला नाही. दार उघडं असतं हे कोणाला ठाऊक होतं, एवढंच शोधायचं होतं.

गाडीच्या दारातल्या कप्प्यात तंबाखूची डबी होती. घरात तंबाखू खाणारा एकच, साखरपुड्यासाठी आलेला नवरदेवाचा मामा. तो एसटीने आला होता आणि अजून गाडीत बसलाच नव्हता, असं मुलगा म्हणत होता. मामा तर न विचारताच सांगत सुटला की मी गाडीला हातबी लावला न्हाई. चोराच्या मनात चांदणं. मी त्याला वेगळं बसवलं, चहा मागवला आणि डबी समोर ठेवली. त्याने ती हातात घेतली.

"भाच्यावर पयला हक्क मामाच्या पोरीचा असतो, साहेब. बहिणीनं मला साधं इचारलं बी न्हाई."

बहिणीला दिसू नये म्हणून तो गाडीच्या आडोशाला तंबाखू मळत असे. असंच एकदा टेकताना दार हाताला लागलं आणि उघडलं. सोयरीक मोडावी म्हणून त्याने पिशवी काढली, त्या गडबडीत डबी दाराच्या कप्प्यात राहिली, आणि नवरीच्या भावाचं नाव भाच्याच्या कानात घातलं. पिशवी कडब्याच्या गंजीत निघाली, साडीची घडीही मोडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मुद्देमाल मिळाला, मामावर रीतसर कारवाई झाली. मुलाचे वडील नवरीच्या घरी जाऊन हात जोडून आले. दोन्हीकडची वडीलधारी माणसं साखरपुड्याची नवी तारीख काढायच्या बेतात होती. त्याच आठवड्यात ती मुलगी भावाला घेऊन ठाण्यात आली. बँकेत नोकरी करणारी, शांत मुलगी. तिने विचारलं, "साहेब, माझ्या भावाचं नाव इथं कोणी सांगितलं?"

घरात मामाने काढलं, इथे तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं, असं मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"सांगताना ते जरा तरी थांबले होते का?"

मी म्हणालो, "नाही, ताई."

तिने मान हलवली, माझे आभार मानले आणि भावाला चल म्हणाली. ते लग्न झालं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं, पण तिचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

संशय कोणावर, हे विचारल्याशिवाय पोलिसाला गत्यंतर नाही. मात्र त्यानंतर नोकरीत होतो तोवर मी फिर्यादीला आधी पाण्याचा ग्लास देत असे आणि सांगत असे, निवांत प्या, मग नाव सांगा. पुष्कळ जण पाणी पिऊन झाल्यावर नाव घेत नसत.