दिवस सांगणारा येतो

म्हैसूरला विजयनगरच्या दुसऱ्या टप्प्यात वेदवतीबाईंकडे कन्नड शिकायला येणाऱ्यांची पहिल्याच दिवशी पंचाईत व्हायची. मंडळी नवी वही घेऊन, पाणी, मीठ, रिक्षा असे शब्द उतरवून घ्यायच्या तयारीने यायची. बाई म्हणायच्या, "शब्द नका लिहू. शब्द तो मोबाइल पण सांगतो. कोण बोललं, कुठे उभं राहून बोललं, ते लिहा."

बाईंचं घराणं पाच पिढ्यांचं म्हैसूरकर. घरात मराठी, घराबाहेर कन्नड आणि रागावल्या की दोन्ही. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत कन्नड शिकवलं. यजमान गेले, मुलगा श्रीहर्ष नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि रिकामं घर खायला उठू लागलं. तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या चार बायकांना त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पुन्हा खडू हातात घेतला.

त्यांतली मृदुला नाशिकची. तिच्या शेजारच्या कृष्णवेणी रोज सकाळी कुंपणावरून विचारायच्या, "तिंडी आय्ता?" म्हणजे नाश्ता झाला का. मृदुलेला वाटलं, आपल्या पोह्यांचा वास तिकडे जातोय आणि बिचाऱ्या लाजून मागताहेत. तिने बशीभर पोहे नेऊन दिले. रिकामी बशी कशी परत करायची म्हणून कृष्णवेणींनी ती उपम्याने भरून पाठवली. मग मृदुलेने थालीपीठ दिलं. हे पंधरा दिवस चाललं. शेवटी दोन्ही घरच्या पुरुषांनी हात जोडले.

हे ऐकून वेदवतीबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अय्यो, तिला तुझे पोहे कशाला हवेत? तू आज दिसलीस, बरी आहेस, एवढंच तिला बघायचं होतं. 'आय्तु, निम्दु?' म्हणायचं. झालं, तुमचं? असं. नि पुढे जायचं. खरंच जेवलीस का उपाशी आहेस, ते कोण बघतंय?"

नळाचं काम करणाऱ्याची वाट पाहत मृदुलेने अख्खा शनिवार घालवला, तेव्हा तिला दुसरा धडा मिळाला. तो फोनवर तीनदा म्हणाला होता, 'येतो'. बाईंनी विचारलं, "कधी येतो म्हणाला? नाही सांगितलं? मग मुगीतु, संपलं तिथेच. 'नोडोण', बघू, म्हणणारा तर त्याच्याही पुढचा. माणूस वाईट नसतो गं. तोंडावर नाही म्हणायला त्याला जड जातं. लिही, दिवस सांगणारा येतो."

मृदुलेने लिहून खाली रेघ मारली.

आता इतकी शहाणी बाई, पण दिव्याखाली अंधार असतोच. दसऱ्याला म्हैसूरच्या घराघरांत पायऱ्या रचून गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. लग्नात मिळालेली राजाराणीची लाकडी जोडी, पट्टद गोंबे, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत वर बसते. वेदवतीबाईंच्या घरी ती जोडी श्रीहर्षच बसवायचा. पहिल्यांदा वडिलांच्या खांद्यावरून, पुढे स्टुलावर चढून आणि मग नुसता हात वर करून. गेली दोन वर्षं तो आला नव्हता. यंदा बाईंनी फोनवर विचारलं, तर म्हणाला, "बघू, आई."

"येतोय," बाईंनी वर्गात सांगून टाकलं.

मृदुलेने वहीतल्या त्या रेघेकडे पाहिलं आणि वही मिटली. 

नवरात्राच्या पहिल्या दिवशी बाईंनी बाहुल्या मांडल्या. किराणा दुकानातला शेटजी, वाजंत्रीवाले, पोट धरून हसणारं जोडपं, सगळी आपापल्या जागी बसली. वरची पायरी मात्र मोकळी ठेवली. राजाराणी खाली पाटावर, जुन्या रेशमी खणात गुंडाळलेली. बाहुल्या पाहायला बायका यायच्या, वरच्या रिकाम्या पायरीकडे नजर जायची, आणि त्या हळदीकुंकू घेऊन साखरभातच कसा छान झालाय ते सांगायच्या. बाईंना त्या न बोलण्याचाही अर्थ कळत होता, पण त्यांनी कळू दिलं नाही. रोज त्या श्रीहर्षच्या खोलीतली चादर झटकून ठेवायच्या.

विजयादशमीला दुपारी फोन आला.

"आई, नाही जमलं गं."

"तू म्हणाला होतास..."

"मी पक्कं कुठे म्हटलं होतं? बघू म्हटलं होतं." तो चिडला नव्हता, उलट त्याचाच आवाज बारीक झाला होता. "तू वाट बघत होतीस?"

"छे रे, सुम्ने विचारलं. उगीच."

"जेवलीस का?"

"जेवले," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या पायऱ्यांसमोर बसून राहिल्या. त्यांना मुलाचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचाच, शिवाय लाजही वाटली. चार बायांना जे खडूने लिहून शिकवलं, ते आपल्या पोटच्या पोराच्या तोंडून ऐकताना आपण बहिऱ्या झालो. त्याला 'नाही' म्हणायला जड गेलं, एवढंच होतं त्यात. आणि त्यातही माया होतीच, हे कळून त्यांना अधिकच रडू आलं. स्वयंपाकघरात दोन माणसांचा भात तसाच झाकलेला होता.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मृदुला रस्त्याने चालली होती. बाई खिडकीतून दिसल्या म्हणून शिकवल्याप्रमाणे तिने बाहेरूनच विचारलं, "ऊट आय्ता, बाई?" उत्तर तिला पाठ होतं. ते ऐकून ती पुढे जाणार होती.

"नाही," वेदवतीबाई म्हणाल्या. "नाही जेवले."

मृदुलेने फाटक उघडलं, चपला काढल्या आणि आत आली.  पाटावरची जोडी पाहून काय झालं ते तिला कळलं. तिने दोन पानं वाढली. घरून जेवून निघाली होती, तरी बाईंच्या बरोबरीने भात जेवली. हात धुतल्यावर तिनेच विचारलं, "बाई, राजा कुठल्या बाजूला?"

"उजव्या," बाई म्हणाल्या. "माझ्या नव्हे गं, त्याच्या राणीच्या."

मृदुला स्टुलावर चढली. खाली बाई तिचे पाय घट्ट धरून उभ्या राहिल्या. शेवटच्या दिवशी का होईना, राजाराणी आपल्या जागी बसली. उद्या सगळंच उतरून पेटीत जायचं होतं.

निघताना मृदुला उंबऱ्यात थांबली. चपला अजून घातल्या नव्हत्या.

"बाई, उद्या सकाळी साडेदहाला येते. गोंबे उतरवायला."

बाईंनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी ताटं घासली, राहिलेला भात उद्याच्या चित्रान्नासाठी झाकून ठेवला, बाहेरचा दिवा लावला. स्टूल मात्र होतं तिथेच राहू दिलं.