तिसऱ्या वाळू ओकतात

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी एक मावशी तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, वाटे लावून बसते. मी दर महिन्याला एक वाटा प्रयोगशाळेसाठी नेतो. शिंपल्यांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम उतरलंय का, ते तिथे मोजतात. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पिशवीवर फक्त जागा लिहायची असते.

एकदा पानाला चुना लावता लावता तिने विचारलं, "काय रे बाबा, ते अंगात बसतं कुठं?"

"चुन्याचंच भावंड ते, मावशी. हाडात बसतं."

तिचं बोट पानावरच थांबलं.

"तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की वाळू ओकतात. तसं हाड नाही ओकीत?"

पाण्यातून ते खनिजाच्या गाळणीने काढता येतं, हे मला पाठ आहे. हाडात मुरलेलं काढायचा उपाय मात्र कुणाकडेच नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग मोजून सांगतोस कुणाला?"

अहवाल वर जातो. आकडा मलाही कुणी सांगत नाही.

निघताना तिने नेहमीसारख्या मूठभर तिसऱ्या वर टाकल्या. "पोरांना घाल रांधून."

त्या वरच्या तिसऱ्या मी दर महिन्याला पुलावरून खाडीत सोडून देतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही.